तराजूत टाकण्याआधी शिक्के तरी उतरवून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपले दैनिक ग्वाल्हेरात कागदावर मिळत नाही. नात सकाळी फोनवर पान उघडून देते आणि मी अक्षरे मोठी करून वाचतो. गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या चांदीवर आलेला लेख असाच वाचला. चांदी किलोला लाखाच्या वर गेली, तेव्हा माळ्यावर काळी पडणारी भांडीकुंडी सांभाळण्यात अर्थ नाही, सराफाकडे नेऊन गाळून घ्या आणि रक्कम बँकेत टाका, असा एकंदर सल्ला. त्या सल्ल्याशी माझे भांडण नव्हते. भांडण सुरू झाले ते सोबतच्या छायाचित्रापाशी. काट्याच्या पारड्यात तुटके पैंजण, वाकलेले चमचे, झाकण हरवलेली अत्तरदाणी, आणि या सगळ्यावर आडवा ठेवलेला वीतभर लांबीचा चांदीचा बिगुल. चित्रही मोठे करून पाहिले. मुखनळीची पट्टी शाबूत, तोंडाचा घेर गोल, आणि कडेजवळ एका रांगेत बारीक शिक्के, म्हणजे चांदीची प्रत, गाव आणि साल सांगणाऱ्या खुणा. तो इंग्रजी शिकारी बिगुल होता. चित्राखाली ओळ होती, ‘अडगळीतून रोख रक्कम’.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या चांदीकाम करणाऱ्या घरातला. आजोबांपासून आमच्याकडे ताम्हणे, समया, तबके, गुलाबदाण्या, सरदारांकडचे पानदान असे काम चालायचे. पुढे मी तांत्रिक शाळेत पत्राकाम शिकवले, पण सुट्टीच्या दिवशी वडिलांशेजारी पाटावर बसणे सुटले नाही. चांदी गाळणे पाप आहे असे मी कधीच म्हणणार नाही. तुटके पैंजण गाळायचेच असतात. आमच्या धंद्यात निम्मा माल जुन्यातूनच नवा होतो आणि आज देवापुढे जळणाऱ्या समईत कुणाच्या तरी पणजीचे वाळे असतात. पण गाळताना चांदी हाती येते, घडण येत नाही. सराफ जुन्या मालाची घडणावळ शून्य धरतो आणि त्यात त्याची चूक नाही, कारण काटा वजनच सांगतो. घडण ओळखायची ती मालकाने. ती कशी ओळखायची हे आपल्या लेखात कुठेच नव्हते, म्हणून हे लांबणारे पत्र.

आधी ही वस्तू काय आहे ते. इंग्लंडात कोल्ह्याच्या शिकारीत घोडेस्वारांच्या पुढे कुत्र्यांचा कळप धावतो. कळप हाताळणारा माणूस एक, आणि त्याच्या खोगिराला पुढच्या बाजूस चामड्याच्या म्यानात हा बिगुल अडकवलेला. सरळ, निमुळता, नऊ-दहा इंचांचा. वळसा नाही, भोके नाहीत, कळा नाहीत. एवढ्या आखूड नळीतून जवळजवळ एकच सूर निघतो, त्यामुळे सगळा निरोप लयीत सांगायचा. तुटक, झपझप फुंकले की कोल्हा उघड्यावर निघाला, कळपाने सुटावे. लांब, ओढलेला, खिन्न सूर आला की आजचे संपले, घरी चला. मागे पडलेल्या स्वारांनाही झाडीपलीकडून तेवढ्यावर कळते.

रोजच्या वापरातले बिगुल बहुतेक तांब्याचे असत, मुखनळी आणि पट्टी तेवढी चांदीची किंवा जर्मन सिल्व्हरची. कारण उघड आहे. चांदी महाग. सबंध चांदीचा बिगुल मानाचा असे, म्हणजे लग्नातली भेट, शिकारमंडळाच्या प्रमुखाला निरोपाच्या वेळी दिलेली वस्तू, एखादे बक्षीस. म्हणून त्यावर नाव, तारीख, कधी कोल्ह्याचे मुंडके कोरलेले सापडते. ती तीन ओळींची कोरीव अक्षरे ही त्या वस्तूची जन्मपत्रिका, आणि भट्टीत सर्वांत आधी तीच जाते.

ग्वाल्हेरच्या घरांत असा बिगुल कुठून आला, असा प्रश्न कुणी विचारील. १८५८ पासून किल्ला आणि मुरारची छावणी इंग्रजांच्या ताब्यात होती; १८८६ साली झाशीच्या बदल्यात ती शिंद्यांना परत मिळाली. या अवधीत मुरारला गोऱ्या फलटणी येत-जात राहिल्या. साहेब लोकांना शिकारीशिवाय करमत नसे. चांगली कुत्री विलायतेहून आणणे सगळ्यांना परवडत नसे, तेव्हा हिंदुस्थानातल्या छावण्यांत मिळतील ती भटकी कुत्री जमवून कळप करत, त्याला ते ‘बॉबरी पॅक’ म्हणत. विलायतेतला झुबकेदार शेपटीचा तांबडा कोल्हा इथे नव्हता, म्हणून आपल्या कोल्हेकुई करणाऱ्या कोल्ह्यावर भागवत. उटीला तर या छंदाचा रीतसर क्लब निघाला. अधिकारी बदलून गेला की जड सामान इथेच विकून जायचा. शिवाय सरदारांच्या घरी भेटीदाखल आलेल्या वस्तू वेगळ्याच.

एक गोष्ट मात्र इथेच सांगून टाकतो. बाजारात कुणी ‘हा बिगुल महाराजांनी शिवपुरीत वाघाच्या शिकारीत वाजवलेला’ असे म्हणाला तर खिसा सांभाळा. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांना वाघाच्या शिकारीचा किती षोक होता हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण वाघाच्या शिकारीत कुत्र्यांचा कळप नसतो. तिथे हाकारे असतात, ढोल आणि डबे बडवून जनावराला मचाणाकडे लोटणारे. त्या गदारोळात या एकसुरी नळीचे काम काय? वस्तू खरी असली की तिला खोट्या गोष्टीची गरज पडत नाही. गोष्ट जितकी राजेशाही, तितका माल बारकाईने पाहावा.

आता घडण. शाळेतली मुले म्हणायची, सर, यात काय, एक नळीच तर आहे. मग मी त्यांना तांब्याच्या पत्र्यातून तशी नळी करायला सांगायचो आणि संध्याकाळपर्यंत वर्गात शांतता असायची.

पत्रा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. विलायती चांदी म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी, बाकीचे बहुतेक तांबे. त्यातून एक लांब पट्टी कापायची, एका टोकाला अरुंद, दुसरीकडे रुंद होत जाणारी. कडा कानशीने अशा उतरवायच्या की एकीवर एक बसल्या तरी जाडी दुप्पट होऊ नये. मग ती पट्टी निमुळत्या पोलादी दांड्याभोवती लाकडी मोगरीने वळवायची, बारीक लोखंडी तारेने बांधायची, सांध्यावर टाकणखाराचा लेप आणि त्यावर डागाचे, म्हणजे सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूचे, कण ठेवायचे.

खरी परीक्षा इथून. चांदी उष्णता इतक्या चटकन पसरवते की एका जागी ज्योत धरून काही होत नाही. ती जागा तापण्याऐवजी सगळी नळी उष्णता पिऊन टाकते. म्हणून पूर्ण नळी एकसारखी तापवावी लागते. कठीण डाग ७०० ते ७८० अंशांच्या दरम्यान धावतो आणि स्टर्लिंगचा पत्रा ८०० च्या आसपासच वितळू लागतो. म्हणजे कारागिराच्या हातात वीस ते शंभर अंशांची मुभा, आणि मोजायला फक्त डोळे. वडील सांध्याचे काम असले की दाराला गोणपाट लावून अंधार करत, कारण भर उजेडात तापलेल्या धातूचा रंग कळत नाही. डाग जिकडे जास्त ताप तिकडे ओढला जातो. ज्योत थोडी सरकली तर सांधा कोरडा राहतो आणि डाग भलतीकडे पसरून बसतो. तो जर नळीच्या आत थेंब होऊन थिजला, तर नऊ इंच निमुळत्या पोकळीत कानस पोचत नाही. मग बिगुल जन्मभर अडखळत वाजणार.

चांगल्या कारागिराचा सांधा दिसत नाही. तो पाहायची एक जुनी युक्ती आहे. नळीवर तोंडाची वाफ सोडायची. वाफ उडून जाताना क्षणभर एक सरळ, केसाएवढी रेघ दिसते आणि नाहीशी होते. रेघ तोंडापर्यंत सरळ गेली असेल तर हात पक्का होता. मध्येच जाड झाली, किंवा आडवा डाग दिसला, तर तिथे नंतर कुणीतरी दुरुस्ती केली आहे.

तोंडाचा घेर उघडायचा म्हणजे पत्रा ठोकून ताणायचा. ठोकत गेले की चांदी ताठरते. आणखी ठोकली तर कडेला तडा जातो. म्हणून मध्ये मध्ये मंद लालसर ताव देऊन पाण्यात विझवायची, की पुन्हा मऊ. प्रत्येक तावानंतर काळपट साय चढते, ती पातळ गंधकाम्लात काढायची. यात एक छुपा शत्रू आहे. मिश्रणातले तांबे तापताना पत्र्याच्या आतपर्यंत करपते आणि सगळे घासूनपुसून झाल्यावर अचानक जांभळट सावली वर येते. ती काढायची तर पत्र्याचा थर उतरवावा लागतो. विलायतेतल्या जुन्या कारखान्यांनी यावर किती माणसांचे किती तास घालवले असतील, ते आमच्यासारख्यालाच कळते. शेवटी घेराची कड नुसती ठेवली तर चिरेल, म्हणून तिच्यात तार घालून दुमडायची. मग चकचकीत तोंडाच्या हातोडीने ठोक्याला ठोका भिडवत सगळे सारखे करायचे. मुखनळी वेगळी, भरीव धातूची, चरकावर उतरवलेली. ती जिथे नळीत बसते तो सांधा झाकायला वरून पट्टी. लोकांना ती पट्टी नुसती शोभेची वाटते.

आमच्याकडे असा एक बिगुल दुरुस्तीला आला होता. मी तेव्हा शाळकरी. सरदारांपैकी एका घरातला, लंडनचा, शिक्के स्पष्ट, वर लग्नाच्या भेटीचा मजकूर. त्या घरच्या मुलांनी तो घेऊन लढाई केली होती आणि मधोमध दोन पोचे पडले होते. गल्लीतल्या एका कारागिराने बाहेरून ठोकून देतो म्हणून सांगितले होते. वडिलांनी हातोडी उचललीच नाही. शेगड्यात, म्हणजे पकडयंत्रात, निमुळता पोलादी दांडा घट्ट आवळला, तेलाचे बोट फिरवले, बिगुल त्यावर चढवला आणि आतून दाब देत, फिरवत, पोचा हळूहळू वर आणला. घाई केली की पत्रा ताणतो, ताणला की फुगतो, आणि फुगा परत बसवायचा म्हणजे आणखी वाईट. काम झाल्यावर मला म्हणाले, फुंक. मी गाल फुगवून फुंकले. हवा गेली, आवाज नाही. समोरच्या बँडवाल्याने येऊन दाखवले की ओठ मिटून थरथरवायचे असतात. त्याने फुंकला तेव्हा आमच्या दौलतगंजातली कुत्री भुंकायला लागली. विलायती विद्या इथल्या कुत्र्यांनाही समजली म्हणायची.

बँडवाल्याने तेव्हाच सांगितले की चांदीचा म्हणून आवाज गोड, हे दुकानदाराचे बोलणे. नळीचा आकार, आतला गुळगुळीतपणा आणि मुखनळीची वाटी यांवर आवाज ठरतो. धातूचा वाटा त्यामानाने फार थोडा. पुढे शिकवताना मलाही तेच पटले. चांदी वापरली ती मानासाठी आणि चांदी हाताखाली वळते म्हणून. आपल्या शिंग-तुतारीचे कारागीर पितळ-तांब्यात एकात एक बसणारे वळणदार भाग करून मैदानभर पोचणारा आवाज काढतात, तेही काही कमी कौशल्य नाही. तुलना करायची तर धातूची करू नये, सांध्यांची करावी.

ही कला इंग्रजांपुरती नव्हती. फ्रान्समध्ये शिकारीचे शिंग म्हणजे वेटोळे केलेली साडेचार मीटरची नळी, स्वाराच्या खांद्याभोवती अडकवलेली, तोंड मागे, म्हणजे मागून येणाऱ्यांना ऐकू जावे. पंधराव्या लुईच्या काळात मार्की द दांपिएर याने त्यावर वाजवायच्या शिकारीच्या धुनी रचल्या आणि त्या आजही वाजतात. २०२० साली युनेस्कोने या वादनकलेची वारसा म्हणून नोंद केली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सॅव्हरनेक नावाचे हस्तिदंती शिंग आहे, त्याच्या सोनेरी मुलामा दिलेल्या चांदीच्या पट्ट्यांवर मिनाकामात राजा, बिशप, वनरक्षक आणि रानातली जनावरे आहेत. तिथे कुणी ते शिंग काट्यावर ठेवले नाही.

आता ओळखीचे काम. घरात असा बिगुल, किंवा कुठलीही विलायती चांदी असेल तर भिंग घेऊन शिक्के पाहा. डावीकडे चालत जाणारा, एक पंजा उचललेला सिंह म्हणजे स्टर्लिंग. बिबट्याचे तोंड म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, जुन्या मालावर मुकुट म्हणजे शेफील्ड. (बर्मिंगहॅमला समुद्र नाही आणि नांगर आहे, याचे माझ्या विद्यार्थ्यांना फार हसू यायचे.) एका चौकटीत एकच अक्षर असते, ते वर्षाचे, दर वर्षी अक्षर बदलते आणि फेरी संपली की अक्षराचे वळण आणि चौकटीचा आकार बदलतो, त्यावरून साल काढता येते. राजाचे किंवा राणीचे डोके दिसले तर तो बहुधा कर भरल्याचा शिक्का. तो १७८४ ते १८९० एवढ्याच काळात मारत, म्हणजे वस्तू बहुधा १८९० नंतरची नाही. याखेरीज कारागिराची आद्याक्षरे. नळीवर कोहलर अँड सन किंवा स्वेन अँड अडिनी असे नाव असेल तर ती लंडनची नावाजलेली घरे. कोहलर मूळचे जर्मन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचा धंदा स्वेन अँड अडिनीकडे गेला. इथे हिंदुस्थानात कलकत्त्याचे हॅमिल्टन, मद्रासचे पी. ऑर अँड सन्स, भुजचे उमरशी मावजी यांनी साहेबांसाठी आणि संस्थानिकांसाठी चांदीकाम केले. त्यांच्या मालावर सिंह शोधू नका. आपल्याकडे तशी सरकारी कचेरी नव्हती, म्हणून ते आपलेच नाव किंवा आद्याक्षरे मारत.

ई.पी.एन.एस. ही चार अक्षरे दिसली तर आत जर्मन सिल्व्हर आणि वर चांदीचा मुलामा. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबे, जस्त आणि निकेल असते, चांदीचा कणही नसतो. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने विजेने मुलामा चढवायचे पेटंट घेतले आणि त्यानंतर असला माल ढिगाने निघाला. तो वाईट नव्हे, फक्त भट्टीत घातला तर हाती काही येत नाही. आणि पितळेचा, पॉलिश केलेला, वर मोठ्या अक्षरांत लंडन आणि व्हिक्टोरियाच्या काळातले साल छापलेला बिगुल असेल तर तो बहुधा मुरादाबाद-रुडकीकडची आजची नक्कल. शोकेसमध्ये ठेवायला ठीक. खरे शिक्के कधी एवढे ओरडत नाहीत, आणि साचातून ओतलेल्या नकलीवर शिक्क्यांच्या कडा विरघळलेल्या दिसतात.

शिक्के झिजले असतील तर कसोटीवर घासण्याआधी पाण्याचा उपाय करा, त्याने वस्तूला ओरखडाही येत नाही. बारीक वजनाचा काटा घ्या. बिगुल कोरडा तोला. समजा १८० ग्रॅम भरला. मग दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवून तोला, पण आत बुडबुडा राहता कामा नये, उभा करून हवा निघू द्या आणि भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका. पाण्यात १६२.५ भरला तर घट साडेसतरा ग्रॅम. १८० ला साडेसतराने भागले की १०.२९ येते, ते स्टर्लिंग. जर्मन सिल्व्हर असेल तर घट वीस-एकवीस ग्रॅमची येईल आणि भागाकार पावणेनऊच्या आसपास. शाळेत आर्किमिडीज शिकवताना हा प्रयोग केला असता तर मुलांना तो जास्त आवडला असता.

घासण्याबद्दल दोन शब्द. काळी पडलेली चांदी म्हणजे वरचा गंधकाचा पातळ थर; आत काही बिघडलेले नसते. पितळ घासायची पावडर, राख, टूथपेस्ट यांनी प्रत्येक वेळी चांदीच निघते आणि आधी शिक्के जातात, मग कोरलेली अक्षरे. मऊ कापड, कोमट पाणी, रिठा, एवढे पुरे. आणि कृपा करून शिशाच्या झाळीने दुरुस्ती करून घेऊ नका. आज सांधा बसेल, पण पुढे कुणी योग्य डाग द्यायला नळी तापवली की ते शिसे चांदीत उतरते आणि तिथे भोक पडते. बँडच्या दुकानांत अशी झाळ लावलेले चांगले नग माझ्या हातात आले आहेत आणि ते पुन्हा नीट झाले नाहीत.

आता पैशाचे. आपल्या लेखाला उत्तर द्यायचे तर तेही आले पाहिजे. १४० ग्रॅमचा स्टर्लिंग बिगुल लाखाच्या भावाने गाळला तर शुद्ध चांदी १२९.५ ग्रॅम, म्हणजे तेरा हजाराच्या आत, वर तूट आणि कटौती वेगळी. विलायतेतल्या लिलावात अशा वस्तूला धातूपेक्षा जास्त किंमत येते हे खरे. पण १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून कुणी परदेशातला गिऱ्हाईक दाखवू लागला तर आधी कायदा वाचा. इथल्या बाजारात असा बिगुल जपून घेणारा माणूस क्वचित भेटतो, हेही मान्य. तेव्हा ठेवून श्रीमंत व्हाल असे आमिष मी दाखवत नाही. ज्याच्या घरी आजारपण किंवा मुलीची फी आहे त्याने तेरा हजार सोडावेत, असेही म्हणण्याचा मला अधिकार नाही.

माझे म्हणणे एवढेच की भट्टीत जाण्याआधी वस्तूची नोंद व्हावी. फोन सगळ्यांच्या खिशात आहे. शिक्क्यांची जवळून छायाचित्रे, कोरलेला मजकूर, लांबी, वजन, घरात कुणाकडून आली ते दोन ओळींत. अर्धा तास लागतो. सराफांनीही गिऱ्हाइकाला बिल देताना जुन्या वस्तूचे ‘चांदी मोड’ एवढेच लिहू नये. एका वहीत शिक्के उतरवून ठेवावेत. आमच्याच शहरात संस्थानच्या पुरातत्त्व खात्याच्या मो. बा. गर्द्यांनी संस्थानभर फिरून पडक्या देवळांची आणि शिलालेखांची नोंद केली, म्हणून आज त्यांतले जे नाहीसे झाले तेही आपल्याला माहीत आहे. चांदीच्या वस्तूंसाठी तसे कुणी केले नाही. जयविलास महालात जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी पाहायला लोक लांबून येतात. बॅसेट-लोक या इंग्रजी कंपनीने ती १९०६ साली केली. पेयाची सुरई उचलली की गाडी आपोआप थांबते. ते कसे होते असे विचारणारा मला अजून भेटायचा आहे. किती किलोची, हे मात्र प्रत्येक जण विचारतो.

संग्रहालयांनीही दार किंचित उघडावे. प्रत्येक वस्तू त्यांनी घ्यावी असे नाही, जागा आणि माणसे दोन्ही कमी आहेत हे मला दिसते. पण महिन्यातून एक दिवस लोकांनी घरची जुनी धातूची वस्तू आणावी, जाणकाराने भिंगातून पाहावी, छायाचित्र काढून ठेवावे आणि वस्तू परत द्यावी, एवढे करायला इमारत लागत नाही, एक टेबल आणि एक दिवा लागतो. निवृत्त कारागीर बोलावले तर ते चहावर येतील, मी तर नक्की येईन. पत्राकाम शिकणाऱ्या मुलांनाही त्या टेबलाशी उभे करावे. नळीचा सांधा पुस्तकात पाहून समजत नाही.

आपल्याकडे विनंती अशी की पुढच्या रविवारी अर्धे पान द्या. सिंह, बिबट्याचे तोंड, नांगर, मुकुट, राणीचे डोके यांची चित्रे मोठी छापा, खाली एकेक ओळ अर्थ. लोक ते पान कापून कपाटाला लावतील. छायाचित्रातला तो बिगुल कुणाकडे आहे आणि तो अजून शाबूत आहे का, हे आपल्या छायाचित्रकाराला विचारता आले तर जरूर विचारा. शाबूत असेल तर मालकाला माझा निरोप द्या, शिक्के वाचून देईन, पैसे घेणार नाही. आणि त्या अर्ध्या पानाशेजारी ‘जुन्या चांदीला रोख भाव’ ही जाहिरात त्या दिवशी तरी लावू नका.

आपला,
एक जुना चांदीकाम करणारा
दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर